तेहतीसची तबकडी पंचेचाळीसवर

माझ्या सासऱ्यांनी सव्वीस वर्षं एका माणसाला न चुकता शिव्या घातल्या. त्याचं नाव त्यांना माहीत नव्हतं, म्हणून त्यांनीच त्याचं बारसं केलं होतं: कानफुट्या. टीव्ही केंद्रातला कोणीतरी बहिरा, बेअक्कल, बिनकाळजाचा इसम. तो कानफुट्या म्हणजे मी. शिव्या ऐकता ऐकता मी त्यांच्या चहात साखर घालत असे, दीड चमचा, सपाट.

आता हे प्रकरण कळायचं तर आधी माझी नोकरी समजून घ्यायला हवी. टीव्हीवर बातम्यांच्या आधी, हरणामागे वाघ धावताना, किंवा कोणी बाई भिंतीवरचे डाग काढून दाखवत असताना जे संगीत वाजतं, ते खास त्या कार्यक्रमासाठी केलेलं असतं असा लोकांचा गोड गैरसमज आहे. तसं काही नसतं. दुकानात तयार शर्ट मिळतात तसं हे तयार संगीत. एखादी कंपनी पंधरावीस वादकांना सकाळी बोलावते, दुपारच्या जेवणापर्यंत डझनभर तुकडे वाजवून घेते, त्यांच्या तबकड्या काढते आणि साऱ्या केंद्रांना धाडून देते. केंद्रात त्या तबकड्यांची एक खोली असते, बहुतेक तळघरात, जिन्याखालच्या वळणावर. आमच्या केंद्रातली ती खोली म्हणजे मी. अठ्ठावीस वर्षं.

प्रत्येक तुकड्याचं एक कार्ड असतं. त्यावर क्रमांक, लांबी, वेग, स्वभाव आणि उपयोग. कार्यक्रम करणारी मंडळी धापा टाकत खाली येतात आणि म्हणतात, "चाळीस सेकंदांचं काहीतरी दे, आशादायक, पण फार नको." मी कार्डं चाळते आणि देते. तबकडी ऐकत कोणी बसत नाही, सगळे कार्डावर विश्वास ठेवतात. ‘प्रगती, भव्य’ असं कार्ड असलेला एक तुकडा धरणाच्या उद्घाटनाला लागला, टूथपेस्टला लागला आणि एका बड्या माणसाच्या अंत्यदर्शनालाही लागला, आणि तिन्ही वेळा छान शोभला अशी पत्रं आली. ‘संशय, सौम्य’ हा चोरालाही चालायचा आणि दाताच्या डॉक्टरलाही. तेव्हा खरी सत्ता कोणाच्या हातात होती ते तुमच्या लक्षात आलं असेल. मी त्या वेळी बावीस वर्षांची होते आणि मला वाटायचं, जे आहे ते माझ्याच हातात आहे.

नोकरीच्या चौथ्या दिवशी खोकंभर तबकड्या आल्या. मोठी तबकडी मिनिटाला तेहतीस फेऱ्यांच्या वेगाने फिरते, छोटी पंचेचाळीसच्या, हे मला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. कधी कधी छोट्या तबकडीवरही तेहतीसचं मुद्रण असतं, हे शिकवणारे गृहस्थ मात्र रजेवर होते. वेग तबकडीच्या मधल्या गोल कागदावर बारीक अक्षरांत छापलेला असतो. पण आमच्याकडे आधी क्रमांकाची चिठ्ठी डकवायची आणि मग ऐकायचं अशी पद्धत, आणि मी माझी चिठ्ठी डकवली ती बरोब्बर त्या आकड्यावर. एका छोट्या तबकडीवर संगीतकाराचं कुठलंतरी भारदस्त नाव होतं, आणि तुकड्याचं नाव नुसतंच ‘सातवा’. मी सुई टेकवली. एक चेलो आणि एक क्लॅरिनेट. चेलो तुरुतुरु चालला होता आणि क्लॅरिनेट सारखी मधेच नाक खुपसत होती. मला हसूच फुटलं. मी माझ्या सुवाच्य अक्षरात कार्ड लिहिलं:

वेग: ४५. स्वभाव: गमतीशीर, चपळ. उपयोग: स्वयंपाक, बागकाम, लहान प्राणी.

पंधरा दिवसांनी ‘हातासरशी’ नावाच्या नव्या कार्यक्रमाचे निर्माते आले. गृहिणींना घरगुती युक्त्या सांगायचा कार्यक्रम होता, सुरुवातीला वीस सेकंद काहीतरी हसरं हवं होतं. मी ते कार्ड काढून दिलं. ‘हातासरशी’ एकोणीस वर्षं चालला. ती धून दूधवाल्याच्या तोंडात बसली, शाळेतल्या पोरी तिच्यावर दोरीच्या उड्या मारू लागल्या. मला माझा इतका अभिमान वाटला म्हणून सांगू!

दोन वर्षांनी माझं लग्न ठरलं. मुलगा तबकड्यांच्या कंपनीतून खोकी पोहोचवायला यायचा, तिथेच जमलं. तो मला वडिलांना भेटवायला घरी घेऊन गेला. घरात पियानो, पियानोवर एका बाईचा हललेला फोटो आणि फोटोशेजारी एक स्टॉपवॉच. सासरे उंच, ताठ, नाकावर माशी बसू न देणारे. मी तबकड्यांच्या खोलीत काम करते हे कळल्यावर त्यांचा चेहरा उजळला.

"म्हणजे तू आपल्यातली! मी तीनशे तुकडे केलेत. चार खोट्या नावांनी. एकच माणूस सगळं करतो असं दिसायला नको म्हणून कंपनी नावं देते." त्यांनी ती चारही नावं सांगितली. तिसरं नाव त्या ‘सातवा’च्या तबकडीवरचं होतं. मी कप बशीत ठेवून दिला.

"ते ‘हातासरशी’ बघतेस?" त्यांचा आवाज एकदम खाली गेला. "तो त्या तिसऱ्या नावाखालचा माझा सातवा तुकडा आहे. हिच्यासाठी केलेला." त्यांनी फोटोकडे बोट दाखवलं. "आयुष्यभर लोकांच्या धरणांना आणि टूथपेस्टला संगीत दिलं. ही गेली तेव्हा हा एकच तुकडा मनापासून लिहिला. कंपनीने विचारलं, शोकात काही आहे का? मी दिला. म्हटलं, कुठल्यातरी चांगल्या माणसाच्या जाण्याच्या बातमीला तो लागेल, आणि सव्वाचार मिनिटं सगळा देश गप्प बसेल. कोणासाठी ते मला एकट्याला माहीत असेल. आणि त्या केंद्रातल्या कोणा कानफुट्याने तो पंचेचाळीसवर लावला! माझ्या बायकोच्या शोकावर लोक भांडी घासतायत!"

मी म्हणाले, "काय बाई एकेक माणसं असतात!"

हे वाक्य माझ्या तोंडून का गेलं देव जाणे. गेलं ते गेलं, आणि त्यानंतर खरं सांगायची वेळ टळून गेली. लग्नानंतर त्यांनी केंद्राला तक्रारीचं पत्र लिहिलं. आता तबकड्यांविषयीची पत्रं केंद्रात कोणाकडे येतात? माझ्याकडे. मी सरकारी भाषेत उत्तर टाइप केलं, "आपली तक्रार प्राप्त झाली असून चौकशी चालू आहे," आणि ‘साठा विभाग’ असा शिक्का मारून पोस्टात टाकलं. दोन दिवसांनी सासऱ्यांनी ते जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचलं आणि लिहिणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. माझ्या नवऱ्याला ठसका लागला. त्याला सगळं माहीत होतं. आजवर त्याने तोंडाला कुलूप ठेवलं ते काही प्रेमापोटी नाही. भांडी घासायची त्याची पाळी आली की तो नुसतं मोठ्याने म्हणायचा, "बाबा, तुम्हाला एक गंमत सांगायची होती." की मी उठून भांडी घासायला घ्यायची. कोणाच्या शोकावर कोण भांडी घासतंय, तुम्हीच बघा.

"तू आतली माणूस," सासरे मला म्हणायचे, "शोधून काढ त्याला." मी सांगायचे, ती नोंद माझ्या आधीची आहे, ते लोक निवृत्त झाले. ते मान हलवायचे. वाईट याचंच वाटायचं की त्यांचा माझ्यावर फार जीव होता. मला आईवडील नव्हते. पियानोशेजारच्या खुर्चीत बसून त्यांनी मला त्या फोटोतल्या बाईबद्दल सगळं सांगितलं होतं. सासूबाई रस्त्याने नवऱ्याच्या दहा पावलं पुढे चालायच्या. समोरच्याचं वाक्य कधी पुरं होऊ द्यायच्या नाहीत. गॅस मोठाच ठेवायच्या आणि रोज काही ना काही करपवायच्या. फोटो काढताना दोन सेकंदसुद्धा स्थिर उभं राहवलं नाही, म्हणून तो हललेला. मी त्यांना पाहिलं नव्हतं, पण कधी कधी वाटायचं, माझ्या मैत्रिणी झाल्या असत्या. आणि त्यांच्याच गाण्याची मी वाट लावली होती.

यंदा सासरे एक्याऐंशीचे झाले. त्याच महिन्यात केंद्रातली एक तरतरीत पोरगी खाली माझ्या खोलीत आली. तयार संगीताच्या इतिहासावर ती कार्यक्रम करत होती. "कोणाला नावंसुद्धा माहीत नाहीत हो या लोकांची! तुमचे सासरे त्यातलेच ना? आणि ‘हातासरशी’ची धून त्यांची? मग आपण इथेच बोलू त्यांच्याशी. तबकडी दाखवू, तिचं जुनं कार्डही दाखवू. फार गोड दिसेल ते."



सासऱ्यांनी एकच अट घातली: सातवा तुकडा पूर्ण वाजवायचा, तेहतीसवर. पोरगी कबूल झाली. सासऱ्यांनी कोट इस्त्रीला दिला. "बघ सूनबाई," ते म्हणाले, "शेवटी मिळाली हिला तिची सव्वाचार मिनिटं." इतकं खुश मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. आणि मी काय करत होते? मी ऑफिसच्या जुन्या टाइपरायटरवर नवीन कार्ड बनवत होते. माझं अक्षर ते झोपेतही ओळखतील. घरातल्या प्रत्येक डब्यावर माझ्या अक्षरातली चिठ्ठी आहे. म्हणून टाइप केलं: ‘वेग: ३३. स्वभाव: गंभीर, शोकमग्न.’ कोपऱ्यांना चहाचे डाग लावून ते जुनं केलं आणि खरं कार्ड पर्समध्ये लपवलं. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत मी केलेली ही पहिली लबाडी, मुद्दाम केलेली म्हणजे.

चित्रीकरणाच्या सकाळी तळघरात आम्ही पाच जण होतो: पोरगी, कॅमेरावाला, सासरे, मी, आणि मजा बघायला रजा टाकून आलेला माझा नवरा. सासऱ्यांनी टाइप केलेलं कार्ड हातात घेतलं, चष्मा वर केला, खाली केला.

"इथे तर बरोबर लिहिलंय. मग त्या गाढवाने वाचलं कसं नाही?"

"काय सांगावं," मी म्हणाले.

मग पोरीने त्यांच्या हातात तबकडी दिली. कॅमेरा चालूच होता. त्यांनी तबकडी उजेडाकडे धरली, तिच्यावरून बोट फिरवलं आणि ते बोट मधल्या गोल कागदाशी थांबलं. तिथे चिठ्ठी होती. माझी चिठ्ठी. ‘साठा’ हा शब्द आणि क्रमांक, निळ्या शाईत. कार्ड बदलण्याच्या नादात ती मी साफ विसरले होते. साखरेच्या डब्यावरचा ‘सा’ आणि हा ‘सा’ जुळी भावंडं होती. ती साखर हे गृहस्थ रोज तीन वेळा बघत होते.

त्यांनी नखाने चिठ्ठीचा कोपरा उचलला. वाळलेला डिंक तडतडला. खाली बारीक अक्षरांत तेहतीस होतं. त्यांनी आधी आकड्याकडे बघितलं, मग चिठ्ठीकडे, मग माझ्याकडे.

नवरा छताकडे बघायला लागला. का कोण जाणे, त्या क्षणी मला खोटं बोलायचा मनापासून कंटाळा आला.

"बाबा, कानफुट्या मी," मी म्हणाले. "चौथाच दिवस होता नोकरीचा. मला तुम्ही माहीत नव्हता. आणि नंतर... नंतर तुम्ही माझे झालात, म्हणून सांगवलं नाही."

पोरीने कॅमेरावाल्याकडे बघितलं. "थांबवू का?"

"चालू ठेव," सासरे म्हणाले. त्यांचा आवाज इस्त्रीच्या कोटाइतका कडक होता. मला म्हणाले, "लाव. तेहतीसवर. तुझ्याकडे मग बघतो."

मी वेग बदलला आणि सुई टेकवली. सासऱ्यांनी डोळे मिटून खिशातलं स्टॉपवॉच दाबलं. मी मनात म्हणत होते, सुंदर असू दे, सगळ्यांना रडवू दे, मला पश्चात्तापाने मरू दे, पण सुंदर असू दे. अठ्ठावीस वर्षांत मीही तो तुकडा त्याच्या खऱ्या वेगाने ऐकला नव्हता. हिंमतच झाली नव्हती.

चेलो आला. एक सूर लावून तो बसला. बराच वेळ बसला. मग उठला आणि दुसऱ्या सुरावर जाऊन बसला. पहिलं मिनिट आम्ही सगळे माना खाली घालून उभे होतो. दुसऱ्या मिनिटाला कॅमेरावाल्याने जांभई गिळली. मग क्लॅरिनेट आली आणि तिने चेलोचंच म्हणणं सावकाश पुन्हा सांगितलं. पोरगी नखं बघायला लागली. मला स्वतःची लाज वाटली, पण खरं सांगायचं तर मी घरचा नळ बंद केला का ते आठवत होते.

सासऱ्यांनी एक डोळा उघडला. मग दुसरा. अडीच मिनिटं झाली असतील, त्यांनी स्टॉपवॉच बंद केलं.

"उचल सुई."

"अजून पावणेदोन मिनिटं आहेत, बाबा."

"मला माहीत आहे, मीच लिहिलंय. उचल म्हणतो ना!"

मी सुई उचलली. ते तबकडीकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "हे माझं रडगाणं आहे. नुसता मीच बसलोय यात, मांडी ठोकून. ती कुठे आहे?"



"पंचेचाळीसवर लाव," ते म्हणाले.

एक गोष्ट सांगायची राहिली. ‘हातासरशी’ लागला की पहिल्या तीन सुरांना ते धावत जाऊन टीव्ही बंद करत. बाजारात कोणी गुणगुणलं तर रस्ता ओलांडत. त्यामुळे त्या वेगाने तो तुकडा त्यांनी उभ्या आयुष्यात पुरा ऐकला नव्हता. मी वेगाचा खटका पुढे ढकलला.

चेलो तुरुतुरु निघाला. दहा पावलं गेला नाही तोच क्लॅरिनेट मधे पडली, त्याचं वाक्य तोडून स्वतःच बोलली, पुढे निघून गेली, मागे वळून बघून पुन्हा निघाली. सासऱ्यांच्या हातातलं स्टॉपवॉच तसंच राहिलं, दाबायचं ते विसरले.

"ही बघ," ते म्हणाले, "पुरतं बोलू देईल तर शपथ." क्लॅरिनेट पुन्हा मधे पडली. ते हसले. "जिना चढून अशीच यायची गं. पिशव्या घेऊन. दारातूनच बोलत." हसता हसता त्यांचे डोळे भरून आले, आणि ते त्यांनी पुसलेही नाहीत. नवऱ्याने माझा हात घट्ट धरला. त्याच्या आईचा जिना त्यालाही ओळखू आला होता. मी तर केव्हाच रडत होते.

तीन मिनिटं नऊ सेकंदांनी तुकडा संपला. पोरीने नाक पुसलं आणि कामाचं विचारलं, "मग आजोबा, हा वेग ठेवायचं कोणाला सुचलं?"

सासऱ्यांनी कोट नीट केला, घसा खाकरला आणि थेट कॅमेऱ्यात बघून म्हणाले, "मलाच. दुसऱ्या कोणाला सुचणार? छोटी तबकडी पंचेचाळीसवरच वाजवायची असते, हे शेंबड्या पोरालाही कळतं. छापणाऱ्यांनी तेहतीस छापलं. कानफुटी माणसं!"

मी तोंड उघडलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी ते मिटलं. सव्वीस वर्षं शिव्या मी खाल्ल्या, आणि आता कौतुक व्हायची वेळ आली तर ते यांच्या नावावर! घरी जाताना मी गाडीत तसं बोलूनही दाखवलं.

"चौकशी चालू आहे," सासरे म्हणाले. म्हणजे त्या पत्राबद्दलही त्यांच्या डोक्यात उजेड पडला होता. मग त्यांनी हात पुढे केला. "खरं कार्ड दे. ते टाइप केलेलं तुझ्या मनचं नाही. ‘शोकमग्न’ तुला सुचायचं नाही."

मी पर्समधून कार्ड काढून दिलं. त्यांनी ते वाचलं, खिशात टाकलं आणि घर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले. मला माफ केलं की नाही ते विचारायचा मला धीर झाला नाही. त्या दिवशी जेवणानंतर नवरा सवयीने म्हणाला, "बाबा, तुम्हाला एक गंमत सांगायची होती." सासरे म्हणाले, "आधी भांडी घास."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन गेले तेव्हा ते फिरायला गेले होते. पियानोवरच्या सासूबाईंच्या फोटोच्या चौकटीत, खालच्या कडेला, माझं कार्ड खोचलेलं होतं. वेग पंचेचाळीस. स्वभाव गमतीशीर, चपळ. उपयोग स्वयंपाक, बागकाम, लहान प्राणी. फक्त ‘स्वयंपाक’वर पेन्सिलीने काट मारली होती.